पाच पूर्णांक तेहतीस

आयलिफ आत आला तो दार उघडं टाकूनच.
मागोमाग वारा, कॉड माशांचा वास,
आणि माझ्या टेबलावर उघडलेली त्याची मूठ:
एक काळी रबरी रिंग.
तुटलेली नाही, पण गोल म्हणावी अशीही नाही.
एका अंगाला फुगलेली,
दुसऱ्या अंगाला उंदरांनी कुरतडल्यासारखी.
"तुझ्याच दुकानातली," म्हणाला.
म्हणजे आधी भांडण, कॉफी नंतर.

त्याच्या बोटीवरचं विंच तीन दिवस तेल ओकत होतं,
जाळं अर्ध्यात लटकलेलं,
बाहेर वजा अठरा.
"ती तपकिरी महागडी दे," तो म्हणाला,
"पैशाकडे बघू नकोस."
पैशाकडे मी बघतच नव्हते.
ती तपकिरी भट्टीजवळ राहणारी बाई आहे, आयलिफ,
या थंडीत ती दगड होऊन बसेल,
आणि पिस्टन हलला की तेल तिच्या उशाशी वाट काढेल.

मग मी कॅलिपर लावला.
जाडी पाच पूर्णांक तेहतीस हवी, भरली सहाच्या वर.
बाट्सफ्योर्डच्या धक्क्यावर मी बावीस वर्षं बसलेय,
रिंग उगाच वजन वाढवत नाही.
"ही कुठल्या डब्यातली?"
दाराशी उभा विदमंतास बुटांकडे बघू लागला.
लिथुआनियाहून आलेला, दुसराच हंगाम,
रात्री दोन वाजता, हातात टॉर्च,
त्याला सापडला बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
आत शंभर काळ्या रिंगा, एकीवरही नाव नाही.
मापात बसली, बसवली.
मीही बसवली असती, त्या वयात.

रात्री मी दोन ग्लास घेतले,
विंचचंच तेल ओतलं,
एकात त्याच्या डब्यातली, एकात माझी नायट्राइलची,
आणि हीटरवर ठेवून झोपायला गेले.

सकाळी माझी होती तशीच, केसाएवढा फरक.
त्याची मात्र पाहुणचार मानवलेल्या जावयासारखी.
ती पाण्याच्या पंपाची होती, बिचारी,
पाण्यात, वाफेत वर्षानुवर्षं टिकली असती.
तेल तिला कोणी पाजायला नको होतं.

विदमंतासला बसवून घेतलं, खाच दाखवली.
खोली चार पूर्णांक सात, म्हणजे आठवा भाग दाबलेली.
कमी दाबलीस तर गळेल,
जास्त दाबलीस तर घासून मरेल.
रुंदी मात्र सात पूर्णांक दोन.
"एवढी मोकळी कशाला?" त्याने विचारलं.
रबर दबतं म्हणतात, ते खोटं आहे.
ते फक्त सरकतं.
इथून दाबलं की तिथून निघतं,
आणि तिथे जागा नसेल तर
पोलादाच्या फटीत घुसतं आणि तुकडा तुकडा तुटतं.
तू आणलीस ती खाच काठोकाठ भरून बसली होती.
तिसरा हिस्सा रिकामा ठेवतो आपण, मुद्दाम.

अडीचशे बारचा दाब, म्हणून नव्वद कठीणपणाची निवडली,
पाठीशी पांढरी टेफ्लॉनची पट्टी,
तेल जिकडून ढकलतं त्याच्या उलट्या बाजूला.
उलटी लावलीस तर न लावल्यासारखीच.
खाचेची धार नखाने तपासली,
एक कंगोरा बोचला, तो घासला.
ग्रीस लावून रिंग ओढत नेताना
तिला पीळ पडू द्यायचा नाही,
हे सांगायला शब्द सापडेनात.
शेवटी त्याची बोटं माझ्या बोटांवर ठेवली
आणि दोनदा करून दाखवलं.

डब्यावर त्याने रंगाने लिहिलं, आपल्या भाषेत: वांदुओ.
पाणी.
आयलिफने खाली नॉर्वेजियनमध्ये लिहिलं,
स्पेलिंग चुकवून.

बोट गेली त्याला आज नववा दिवस.
विंचबद्दल काही निरोप नाही,
आणि निरोप नसणं हीच या धंद्यातली कौतुकाची रीत.
ग्लास मात्र अजून हीटरवर आहे,
रोज धुवायचा म्हणते.
रोज सकाळी कॅलिपर लावते.
अजून फुगतेय.